बिडाचे हेड आणि टर्बोची हवा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जुन्या गाडीला टर्बो बसवायचा म्हटले की तरुण मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "काका, हेड बिडाचे आहे, चालेल का?" विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा आधीच तयार असते. कुणीतरी त्याला सांगितलेले असते की बिडाचे हेड म्हणजे जुना जमाना, त्याला टर्बोची हवा सोसत नाही. आणि गंमत अशी, की तासाभराने त्याच दारात एखादा ट्रकमालक येतो आणि नेमके उलटे सांगतो : "मिस्त्री, ते अ‍ॅल्युमिनियमचं काय सांगू नका. टर्बोला हेड बिडाचंच पायजे." कोल्हापूरच्या उद्यमनगरात हेडदुरुस्तीचे काम करताना ही दोन्ही वाक्ये मी इतक्या वेळा ऐकली आहेत, की त्यांच्यातला तंटा एकदा तुमच्यासमोर मांडावा असे वाटले. दोघेही खोटे बोलत नाहीत. एक जण पेट्रोल इंजिनाबद्दल बोलतो आहे आणि दुसरा डिझेलबद्दल.

आधी शब्दांची ओळख करून घेऊ. बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात शेकडा तीन-साडेतीन भाग कार्बन असतो आणि तो ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात धातूत विखुरलेला असतो. कोल्हापूर परिसरातल्या फौंड्र्यांमध्ये जे ओतले जाते, त्यातला मोठा भाग हेच बीड. हेड म्हणजे सिलिंडरवरचे झाकण. पण नुसते झाकण म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे. हवा आत येण्याची आणि धूर बाहेर जाण्याची वाट त्यातून जाते, वाल्व्ह त्यात बसतात, त्यांच्या भोवती पाणी खेळते, आणि खालच्या अंगाला प्रत्यक्ष आग पेटते. बोटभर जाडीच्या धातूच्या एका बाजूला जाळ आणि दुसऱ्या बाजूला रेडिएटरचे पाणी, अशी त्याची नोकरी असते.

आता टर्बोकडे वळू. साधे इंजिन हवा ओढून घेते. पिस्टन खाली गेला की पोकळी होते आणि बाहेरची हवा आपल्या दाबाने आत शिरते. हा दाब समुद्रसपाटीला एका चौरस इंचावर सुमारे १४.७ पौंड. तेवढ्यावरच इंजिनाला भागवावे लागते. जास्त ताकद हवी तर जास्त इंधन जाळावे लागते, जास्त इंधनाला जास्त हवा लागते, आणि ती आपणहून येत नाही. म्हणून ती कोंबायची. पट्ट्याने किंवा गियरने फिरणारा पंप हवा कोंबत असेल तर तो सुपरचार्जर. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुराच्या जोरावर चक्र फिरवून तेच काम करून घेतले तर तो टर्बो. धुरातून फुकट जाणारी शक्ती परत कामाला लावायची ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरची. त्याचे पेटंट १९०५ सालचे. ती नीट साधायला पुढे वीस वर्षे गेली. १९२०च्या दशकात दोन जर्मन जहाजांच्या डिझेल इंजिनांना त्याने टर्बो जोडला आणि १,७५० अश्वशक्तीचे इंजिन २,५०० अश्वशक्ती देऊ लागले.

टायरमध्ये हवा भरताना आपण जे पौंड म्हणतो, तेच पौंड इथेही. टर्बोने सात पौंड जादा दाब दिला तर ढोबळमानाने दीडपट हवा आत जाते, पंधरा पौंड दिला तर दुप्पट. ढोबळमानाने एवढ्यासाठी म्हणतो, की या हिशेबात एक गळती आहे, आणि आजचे सगळे बोलणे त्या गळतीभोवतीच फिरणार आहे.

सायकलच्या चाकात हातपंपाने हवा भरताना पंपाचे खालचे टोक तापते, हे तुम्ही पाहिले असेल. हवा दाबली की ती तापतेच. टर्बोतही तेच घडते. उन्हाळ्यात बाहेरची हवा ४० अंशांवर असेल आणि टर्बोने तिचा दाब दुप्पट केला, तर टर्बोतून बाहेर पडताना ती १३० ते १४० अंशांपर्यंत तापलेली असते. तापलेली हवा फुगते, म्हणजे कोंबल्याचा थोडा फायदा तिथेच गेला. त्याहून वाईट म्हणजे इंजिनात आग लागण्याआधीच आपण आत ऊब भरली. म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्या मध्ये इंटरकूलर बसवतात. तो दिसायला रेडिएटरसारखाच असतो, पण त्यातून पाण्याऐवजी हवा जाते आणि गार होऊन पुढे सरकते.

आता ही हवा हेडखाली आली. इथे धातूचा प्रश्न सुरू होतो.

स्वयंपाकघरातले उदाहरण घ्या. घावन काढायला बिडाचा तवा लागतो. तो तापायला वेळ घेतो, पण एकदा तापला की गॅस बंद केल्यावरही बराच वेळ चरचरत राहतो. पातळ अ‍ॅल्युमिनियमचे पातेले चटकन तापते आणि चटकन निवते. तव्याचे वजन आणि जाडी हा त्यातला एक भाग झाला. दुसरा भाग असा, की अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूतून उष्णता बिडापेक्षा साधारण तिप्पट सहजतेने वाहते. म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधली आच लवकर पाण्यात उतरते. बिडाच्या हेडचा आगीकडचा पृष्ठभाग जास्त तापलेला राहतो. विशेषतः एक्झॉस्ट वाल्व्हच्या भोवती, जिथून शेकडो अंश तापलेला धूर बाहेर पडतो.

पेट्रोल इंजिनाला हे मानवत नाही. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन आधीच एकत्र झालेले असतात. प्लगने ठिणगी टाकायची, तिथून ज्वाला पसरत जायची आणि पिस्टनला एकसारखा रेटा मिळायचा, अशी अपेक्षा असते. पण ज्वाला कोपऱ्यात पोहोचण्याआधीच तिथले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपणहून पेटले, तर रेट्याच्या जागी हातोडा बसतो. यालाच इंजिन नॉक मारते म्हणतात. डब्यात खडे घालून हलवल्यासारखा आवाज येतो. साध्या इंजिनात तो चढावर थोडा वेळ ऐकू येतो आणि पाय सैल सोडला की थांबतो. टर्बोच्या इंजिनात तेवढी सवड मिळेलच असे नाही. पिस्टनची कडा खाल्ली जाते, रिंग तुटते, गॅस्केट उडते.

जितकी हवा जास्त, जितकी ती गरम आणि जितक्या भिंती तापलेल्या, तितका नॉक जवळ. टर्बो यातल्या पहिल्या दोन गोष्टी आणतो आणि बिडाचे हेड तिसरी. म्हणून मेकॅनिक लोकांत एक ठोकताळा आहे, की सगळे सारखे ठेवून हेड अ‍ॅल्युमिनियमचे केले तर कॉम्प्रेशन साधारण एकाने वाढवता येते. माझ्या मते हा ठोकताळा बिडावर जरा जास्तच रागावलेला आहे. हेडच्या पोटातल्या खोलगट जागेचा आकार, प्लगची जागा आणि एक्झॉस्ट वाल्व्हपाशी पाणी नीट फिरते की नाही, या गोष्टी धातूइतक्याच, बहुधा धातूहून जास्त महत्त्वाच्या असतात. पण ठोकताळ्याची दिशा बरोबर आहे.

हे पुस्तकी वाटू नये म्हणून अमेरिकेतल्या दोन चुलत भावांची खरी हकीकत सांगतो. एक अ‍ॅल्युमिनियमचा, दुसरा बिडाचा, आणि दोघांनाही टर्बो.

जनरल मोटर्स कंपनीने १९६१च्या मॉडेलांसाठी साडेतीन लिटरचे एक हलके व्ही-८ इंजिन काढले. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, हेडही अ‍ॅल्युमिनियमचे. (हेच इंजिन पुढे इंग्लंडच्या रोव्हर कंपनीने विकत घेतले आणि लँड रोव्हरमध्ये ते एकविसाव्या शतकापर्यंत चालले.) याच इंजिनाला टर्बो लावून ओल्ड्समोबिल विभागाने १९६२ साली 'जेटफायर' ही गाडी बाजारात आणली. टर्बोचा दाब पाच पौंड, ताकद २१५ अश्वशक्ती. पण कॉम्प्रेशन त्यांनी ठेवले होते सव्वादहा! हेड अ‍ॅल्युमिनियमचे असूनही ते झेपेना, इंजिन नॉक मारू लागले. मग उपाय काढला तो असा, की पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण हवेबरोबर आत फवारायचे. त्याची वाफ होताना आतली उष्णता शोषली जाते. त्या मिश्रणाची वेगळी टाकी होती आणि मालकाने ती भरत राहायची होती. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे वायपरच्या बाटलीत पाणी किती जण भरतात? तिकडेही तसेच झाले. टाकी रिकामी झाली की टर्बोचा दाब आपोआप तोडला जाई आणि गाडी मरगळे. तक्रारी आल्या. पुष्कळ गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्बोरेटर बसवून देण्यात आले. दोन वर्षांत, दहा हजार गाड्याही व्हायच्या आत, जेटफायर बंद झाली.

दुसरा भाऊ बिडाचा. अ‍ॅल्युमिनियमचे ओतकाम महाग पडत होते, म्हणून ब्यूक विभागाने त्याच व्ही-८च्या घडणीवरून सहा सिलिंडरचे एक स्वस्त इंजिन १९६२ साली केले. ब्लॉकही बिडाचा, हेडही बिडाचे. ते फारसे कुणाला आवडले नाही. १९६७ साली त्याची सगळी यंत्रसामग्री जीप बनवणाऱ्या कैसर कंपनीला विकून टाकण्यात आली. पुढे तेलाची टंचाई झाली, छोट्या इंजिनांना भाव आला, आणि १९७४ साली जनरल मोटर्सने तीच यंत्रसामग्री परत विकत घेतली. विकलेली म्हैस दुधाला आल्यावर परत आणावी, तसे झाले. १९७८ साली या ३.८ लिटरच्या इंजिनाला टर्बो लावून गाड्या विक्रीला आल्या. सुरुवातीला ताकद बेताचीच होती, १५० आणि १६५ अश्वशक्ती. पण इंजिनाला एक कान बसवला होता. नॉकचा कंप जाणवला की ठिणगीची वेळ आपोआप मागे सरकवणारा सेन्सर. कॉम्प्रेशन आठच्या आसपास खाली ठेवले होते. पुढे १९८४ला कार्बोरेटर गेला, प्रत्येक सिलिंडरला मोजून इंधन देणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था आली आणि ताकद २०० झाली. १९८६ला इंटरकूलर आला आणि ती २३५वर गेली. १९८७ला २४५. त्याच वर्षी जीएनएक्स नावाच्या फक्त ५४७ गाड्या निघाल्या, त्यांची कागदावरची ताकद २७६ अश्वशक्ती होती. त्या वर्षीच्या कॉर्व्हेट स्पोर्ट्स कारला ५.७ लिटरचे व्ही-८ इंजिन होते, त्यावर अ‍ॅल्युमिनियमची हेड होती, आणि ताकद होती २४०.

हेड शेवटपर्यंत बिडाचेच राहिले, हे लक्षात घ्या. १९७८ ते १९८७ या काळात सुधारणा झाली ती हवा गार करण्यात, इंधन मोजण्यात आणि नॉक ऐकण्यात. अ‍ॅल्युमिनियमचा भाऊ सव्वादहाच्या कॉम्प्रेशनने अडचणीत आला आणि बिडाचा भाऊ आठच्या कॉम्प्रेशनने तरला.

आपल्या ओळखीच्या नात्यातलेही एक उदाहरण आहे. ब्रिटनमध्ये 'ए-सीरिज' नावाचे एक जुने, छोटे इंजिन होते. मिनी गाडीत असायचे ते. त्याचे थोरले भावंड म्हणजे 'बी-सीरिज', ज्याचे १,४८९ सीसीचे रूप वर्षानुवर्षे आपल्या अँबॅसडरमध्ये होते. दोघांचीही हेड बिडाची आणि दोघांच्या रचनेत एक खोड सारखी : मधल्या दोन सिलिंडरचा धूर एकाच वाटेने बाहेर पडतो, त्यामुळे हेडच्या मध्यावर आच साठते. बी-सीरिजच्या हेडला तडा जायचा तो बहुधा तिथेच, वाल्व्हच्या सीटांच्या मधल्या अरुंद पट्टीत. असे असूनही धाकट्या ए-सीरिजच्या १,२७५ सीसी इंजिनाला टर्बो लावून 'एमजी मेट्रो टर्बो' ही गाडी १९८२ साली बाजारात आली. ७२ अश्वशक्तीचे इंजिन ९३वर गेले. एक्झॉस्ट वाल्व्हची आच कमी करायला त्यांनी वाल्व्हच्या पोकळ दांड्यात सोडियम भरले होते. ते वितळून आत हिंदकळते आणि वाल्व्हच्या तोंडाची उष्णता दांड्याकडे नेते. आणि दाब आणखी का वाढवला नाही? तर गियरबॉक्स झेपणार नाही म्हणून. कमी फेऱ्यांवर दाब मुद्दाम आवरून धरला होता तो दात तुटू नयेत यासाठी.

पेट्रोलच्या बाजूचे एवढे पुरे. आता ट्रकमालकाचे म्हणणे ऐकू.

डिझेल इंजिनात सिलिंडरमध्ये नुसती हवा येते. पिस्टन ती सोळा-अठरा पट दाबतो. ती इतकी तापते की वरून डिझेलचा फवारा पडताच आपणहून पेटतो. म्हणजे पेट्रोलमध्ये ज्या आपोआप पेटण्याची भीती, त्याच्यावरच डिझेलचा संसार. कोपऱ्यात वाट बघत बसलेले मिश्रण तिथे नसते, त्यामुळे पेट्रोलसारखा नॉकही नसतो. हेडची भिंत गरम राहिली तर डिझेल उलट लवकर आणि मऊ पेटते. गार इंजिन सकाळी कसे खडखडते आणि तापल्यावर कसे शांत होते, हे तुम्ही ऐकलेच असेल. पेट्रोलमध्ये बिडाचा जो दोष, तो डिझेलमध्ये दोष राहत नाही.

मग हेडला इथे सोसायचे काय असते? दाब. अमेरिकेत १९८९ पासून डॉज कंपनीच्या पिकअप गाड्यांत कमिन्सचे ५.९ लिटरचे सहा सिलिंडरचे टर्बो डिझेल बसू लागले. ब्लॉक बिडाचा, हेड बिडाचे. याच घराण्यातली इंजिने पुढे टाटा आणि कमिन्स यांच्या जमशेदपूरच्या कारखान्यात आपल्या ट्रकांसाठी बनू लागली. कमिन्स हे नाव पुण्याला त्याआधीपासून, १९६२च्या किर्लोस्कर कमिन्सपासून, परिचयाचे आहे. तर या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास १०२ मिलिमीटर, म्हणजे साधारण चहाच्या बशीएवढा. पेटण्याच्या क्षणी आत १३० बार दाब झाला असे धरा. हिशेब केला तर त्या बशीएवढ्या जागेवर साडेदहा टनांहून जास्त भार येतो. इंजिन मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला ७५० वेळा. म्हणजे एक भरलेला सहाचाकी ट्रक हेडला खालून सेकंदाला बारा वेळा धडका मारतो आहे. आधुनिक मोठ्या डिझेलमध्ये हा दाब २०० बारच्या घरात जातो.

अशा जागी बिडाचा कणखरपणा कामाला येतो. अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची ताकद अडीचशे अंशांच्या पुढे झपाट्याने उतरते, बीड त्याच्या बरेच पुढे टिकून राहते. शिवाय अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या साधारण दुप्पट पसरते. खालचा ब्लॉक बिडाचा आणि वरचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे असेल, तर दर वेळी गाडी तापताना आणि निवताना हेड ब्लॉकवर केसभर सरकते, आणि मधली गॅस्केट बिचारी घासली जाते. बिडावर बीड असेल तर दोघे बरोबर फुगतात, बरोबर आकसतात. आता अ‍ॅल्युमिनियमच्या हेडचे टर्बो डिझेल चालतच नाही, असे मात्र समजू नका. पुण्याजवळच्या रांजणगावला बनलेले १.३ लिटरचे फियाट डिझेल आपल्या रस्त्यांवर लाखो गाड्यांत धावले, त्याचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे होते. पोलादी पत्र्यांच्या थरांची गॅस्केट आणि नीट आखलेले पाणी असेल तर जमते. पण वीस-तीस टन घेऊन लाखो किलोमीटर जायचे असेल, तर आजही मोठ्या ट्रकांचे हेड बिडाचेच असते. ट्रकमालकाचे म्हणणे खरे ते असे.

मग टर्बोच्या ट्रकची बिडाची हेड माझ्याकडे फुटून येतात कशी? येतात, आणि पुष्कळ येतात. हा भाग मला जरा सावकाश सांगायचा आहे, कारण यात लोकांचे पैसे जातात.

पेट्रोल आणि डिझेल यांच्यात आणखी एक उलटा व्यवहार आहे. पेट्रोल इंजिनात हवा वाढली की त्या प्रमाणात पेट्रोल वाढवावेच लागते, म्हणून टर्बोचा दाब वाढला की आच वाढतेच. डिझेलमध्ये हवा आणि इंधन यांची अशी बांधिलकी नसते. इंधन तेवढेच ठेवून नुसती हवा वाढवली, तर जळण स्वच्छ होते आणि धुराचे तापमान उतरते. जादा हवा आच वाटून घेते. आपल्याकडे २००० सालापासून उत्सर्जनाचे नियम कडक होत गेले तसे ट्रकांवर टर्बो सररास दिसू लागले, त्यामागे हे एक मोठे कारण आहे. डिझेलचे हेड जळते ते हवेपुढे इंधन जास्त झाल्याने. आणि इंधन वाढवायचा मार्ग फार सोपा असतो. पंपाचा एक स्क्रू.

रत्नागिरीकडून जांभ्याचे चिरे भरून आंबा घाट चढणारे एक ट्रकमालक एकदा माझ्याकडे हेड पोत्यात गुंडाळून घेऊन आले. स्वतःच गाडी चालवणारे, बँकेचे हप्ते चालू. हायवेवरच्या एका गॅरेजात त्यांना कुणीतरी सांगितले होते की टर्बो आहेच, पंप थोडा वाढवून देतो, घाटात गियर कमी बदलावे लागतील. खरेच गाडी ओढू लागली. मागे काळ्या धुराचा लोट निघे, त्याला ते ताकद समजत होते. दीड महिन्यांनी घाट चढून वर आल्यावर पाणी उकळले. त्यांनी गाडी लगेच बंद केली, कडेच्या झऱ्याचे गार पाणी आणले आणि थोड्या वेळाने रेडिएटरमध्ये ओतले.

"मिस्त्री, टर्बोनं हेड खाल्लं बघा," ते म्हणाले.

"पाव्हणं, टर्बोचा काय दोष न्हाई," मी म्हणालो, आणि त्यांना तडा दाखवला. इनलेट आणि एक्झॉस्ट वाल्व्हच्या मधल्या पट्टीत, केसासारखा, वरून खाली गेलेला.

तो तडा कसा पडतो, ते ऐकण्यासारखे आहे. आगीकडचा थर तापतो आणि पसरायला बघतो. मागचा थर पाण्याने गार असतो, तो पसरू देत नाही. मग तापलेला थर जागच्या जागी चेपला जातो, थोडासा कायमचा. इंजिन निवले की तोच थर आकसतो आणि आता तो तोकडा पडतो, त्यामुळे ताणला जातो. बीड चेपण्याला फार चिवट, पण ताणाला कच्चे, कारण ग्रॅफाइटचे ते पापुद्रे म्हणजे तड्याची तयार सुरुवात. एका दिवसात काही होत नाही. पण रोज घाट, रोज जास्त आच, रोज चेपणे आणि ताणणे, असे शेकडो वेळा झाले की पट्टी दमते. झऱ्याच्या पाण्याने शेवटचा धक्का दिला, एवढेच. अ‍ॅल्युमिनियमचे हेड अशा वेळी बहुधा वाकते. वाकलेले हेड पुष्कळदा फेस मारून सरळ करता येते. बीड वाकत नाही, तडकते.

इंजिन उकळले तर काय करावे, हे त्यांनी विचारले तेच तुम्हालाही सांगतो. गाडी बाजूला घ्या. पाणी अजून वाहून गेले नसेल आणि तेलाचा दाब ठीक असेल, तर इंजिन एकदम बंद न करता काही मिनिटे सावकाश चालू ठेवा. झाकण उघडायची घाई नको. पाणी घालायचे ते काटा चांगला खाली आल्यावर, इंजिन चालू असताना, थोडे थोडे. टर्बोसाठीही हेच बरे. ट्रकचा टर्बो भाराखाली मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेत असतो आणि त्याच्या बेअरिंगला इंजिनाचेच तेल मिळते. घाट चढून आल्याबरोबर चावी बंद केली की तेल थांबते, तापलेल्या घरात उरलेले तेल जळून काजळी होते. दोन-तीन मिनिटे इंजिन हळू चालू ठेवले तर हा खर्च टळतो.

पेट्रोलवाल्या तरुण मित्रांनाही उत्तर द्यायला हवे. हेड बिडाचे आहे म्हणून टर्बो किंवा सुपरचार्जर बाद होत नाही. माझा सल्ला असा, की कॉम्प्रेशन आठच्या वर असेल तर आधी ते खाली आणा, पण जाड गॅस्केट घालून नव्हे, योग्य पिस्टन घालून. दाब पाच-सहा पौंडांवर थांबवा. इंटरकूलर टाळू नका. दाब वाढेल तशी ठिणगी मागे यायला हवी, जुना डिस्ट्रिब्यूटर ते आपणहून करत नाही. प्लग थंड प्रकृतीचा घ्या. वाल्व्हच्या सीट थेट बिडात कापलेल्या असतील तर तिथे कठीण धातूच्या रिंगा बसवा. पूर्वी पेट्रोलमधले शिसे त्या सीटांना जपायचे, ते देशभरातून २००० साली गेले. हल्लीच्या पेट्रोलमधले इथेनॉल नॉकच्या बाबतीत उपकारकच आहे, पण जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि कार्बोरेटरचे ज़ेट आधी तपासून घ्या. आणि मूळ इंजिनात असा बदल करायचा तर परवानगीची चौकशी आधी आरटीओत करा, वर्कशॉपमध्ये नंतर या.

जुने हेड टर्बोसाठी निवडताना मी काय बघतो, हेही पुष्कळ जण विचारतात. हेड धुऊन कोरडे करायचे, खालच्या अंगाला रॉकेल चोळायचे, दहा मिनिटांनी स्वच्छ पुसायचे आणि वरून खडूची पूड भुरभुरायची. तडा असेल तर त्यात शिरलेले रॉकेल बाहेर येते आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. बीड असल्याने चुंबकाची चाचणीही चालते : हेडला चुंबकत्व देऊन लोखंडाची बारीक पूड टाकली की ती तड्यावर ओळीने गोळा होते. अ‍ॅल्युमिनियमला हे जमत नाही. त्यानंतर पाण्याच्या सगळ्या वाटा बंद करून, आत हवा भरून, हेड गरम पाण्यात बुडवायचे आणि बुडबुडे येतात का ते पाहायचे. गरम पाण्यातच, कारण काही तडे हेड तापल्यावरच उघडतात.

चिऱ्यांच्या ट्रकचे हेड या तिसऱ्या चाचणीत गेले. तडा सीटखालून पाण्याच्या वाटेपर्यंत उतरला होता. तो शिवता आला असता, बिडात खिळ्यांनी तडा शिवायची पद्धत आहे आणि साध्या इंजिनावर मी ती वापरतो. पण साडेदहा टनांच्या धडकांखाली ती पट्टी किती टिकेल, याची हमी मी घेणार नव्हतो. त्यांनी दुसरे हेड घेतले. पंप कंपनीच्या मापावर परत आणला, आणि धुराच्या वाटेत, टर्बोच्या अलीकडे, तापमानाचा एक काटा बसवून घेतला. तो सातशेकडे सरकू लागला की ते आता पाय उचलतात आणि एक गियर खाली येतात.